सगळ्या ओळींवर माझं नाव

तीर्थस्वरूप दाजींना मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की तुम्हीच ते खोडून टाका. तुमची कंबर कशी आहे? ताई म्हणत होती की नव्या नोकरीतली खुर्ची तुम्हाला मानवली आहे आणि आता मोठं पदही मिळायचं घाटतं आहे. ऐकून बरं वाटलं. इथे ज्या खुर्चीने तुमची कंबर धरली, ती आता माझ्याकडे आहे. (तुम्ही मला इथे चिकटवलंत आणि वर्षभरात स्वतः निघून गेलात, तेव्हा खुर्चीबद्दल काही बोलला नव्हतात. तक्रार नाही, आठवलं म्हणून लिहिलं.)

आपला तो रुग्णालयाच्या संगणकावरचा प्रोग्रॅम आता इतका फुगला आहे की तो सबंध पाहिलेला माणूस इमारतीत उरलेला नाही. शंभर जणांनी शंभर तऱ्हांनी लिहिलेला. कुणी ऐसपैस जागा सोडून, कुणी कागद महाग असल्यासारखा दाटीवाटीने. पाहिल्याबरोबर कळायचं, हा कुणाचा हात. साहेबांना ते खुपलं. सगळं एकाच माणसाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे, असं फर्मान निघालं आणि शिस्त समिती बसली. अध्यक्ष कोण, तर आपला फूटपट्टी. (तुमच्या वेळी तो नुसताच उंच होता. आता अधिकारही आला आहे.)

या समितीने उभा पावसाळा खाल्ला. ओळ किती अक्षरांची असावी, कंस ओळीच्या शेवटी उघडावा की खालच्या ओळीवर, डावीकडे जागा दोन घरांची सोडावी की चार, यावर माणसं हमरीतुमरीवर आली. चाचणी विभागातल्या दोघी मैत्रिणी वर्षानुवर्षं एका डब्यात जेवायच्या. कंसावरून त्यांचं असं फाटलं की आता एक खिडकीपाशी जेवते आणि दुसरी जिन्यात. दोन आणि चारच्या भांडणात तीन का नाही, असं मी एकदा सहज विचारलं. दुसऱ्या दिवशी मला समितीचा चिटणीस केलं.

नियम ठरल्यावर सगळा प्रोग्रॅम त्यांत बसवायचा होता. ते काम करणारं एक साधन मिळतं. एकदा चालवलं की लाखो ओळी कवायतीला उभ्या राहतात. ते मी एका शनिवारी चालवलं. आता, आमच्याकडे प्रत्येक ओळीशेजारी तिला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दिसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शहाणी माणसं अशा वेळी कामापुरतं एखादं खोटं नाव घेतात. मी फूटपट्टीला तसं विचारलंही. तो म्हणाला, तुझ्याच नावावर कर, तुझं नाव होईल. झालं! सोमवारी मी आलो, तर उगमापासून शेवटापर्यंत प्रत्येक ओळीचा बाप मी. तुम्ही म्हणाल, शनिवारच्या मागचं पाहता येतं की. येतं ना. पण मागे जुनी यंत्रं बदलली तेव्हा आधीची नावं आणायचा खर्च साहेबांनी वाचवला, आणि सगळं एकदम उचलून नव्या जागी कुणी ठेवलं, तर मीच. त्यामुळे एक पडदा उचलला तर खाली मी आणि दुसरा उचलला तरी खाली मीच.

इथवर हसण्यासारखं होतं. ऑफिसात मला ‘कुलपुरुष’ म्हणायला लागले आणि मीही मिरवलं.

गेल्या महिन्यात रुग्णाच्या घरी आपोआप निरोप पाठवायची सोय त्याच प्रोग्रॅमला जोडली. आणि एका निवृत्त घड्याळजींना त्यांच्या घराच्या जिन्यात निरोप आला, की आपल्या पत्नीचं निधन झालं आहे, देह ताब्यात घ्यावा. पत्नी गुडघ्याची शस्त्रक्रिया करून आदल्याच दिवशी घरी आलेली. ती आतून ओरडून विचारत होती की दिवा घालवला का. पण त्यांनी निरोप वाचला तो वाचलाच, आणि ते जिन्यावरून खाली आले ते पायांवर नव्हे. खुबा मोडला. आता आमच्याच रुग्णालयात आहेत. वर आणखी, त्यांना भेटायला बाई आल्या तर दारावरचं यंत्र त्यांना पास देईना, कारण त्या मयत! शेवटी रखवालदाराने स्वतःच्या जबाबदारीवर आत सोडलं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. खाट रिकामी झाली आणि घरी सोडल्याचं कारण कुणी भरलं नाही, तर रुग्ण मेला असं धरायचं, अशी एक ओळ आहे. इतकी वर्षं ती कुणाला चावली नाही, कारण तिचं ऐकून घरी निरोप धाडणारं कुणी नव्हतं. शनिवारच्या आधीच्या प्रतीत तिच्या शेजारी टीपही होती: ‘तात्पुरतं. उद्या बदलतो.’ ती टीप साधनाने नियमाप्रमाणे उडवली. (टिपेत पुढची आश्वासनं नसावीत, हा नियम माझ्याच अक्षरात आहे.) त्या ओळीत एक चमत्कारिक नावही आहे, ‘बकुडी’. घरी सोडल्याचं कारण या बकुडीत ठेवलं जातं. बकुडी रिकामी, तर रुग्ण मेला. समितीतल्या एकाने ती चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत असं ठरवून अर्थही सांगितला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी घड्याळजींना भेटायला गेलो. का गेलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ते झोपले होते, मनगटावर घड्याळ बंद पडलेलं. बाईंनी मला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, ‘असं कसं हो लिहिता तुम्ही?’ रागाने नव्हे, खरंच कळावं म्हणून. मी नियमावलीचा चिटणीस, स्टूल भिंतीशी सरळ रेषेत लावून ठेवलं आणि निघालो. घरी येऊन जेवलो नाही, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

येत्या सोमवारी चौकशी आहे. ओळीवर नाव माझं, तर गुन्हाही माझा, असं साहेबांचं सरळ गणित आहे. नोकरी जाईलच, पण पोलिसांत तक्रार द्यायचंही बोलणं चाललं आहे. मला भीती वाटते, दाजी. बाकी विशेष नाही. प्रकृतीला जपा, कंबरेला शेक घ्या.

तुमचा मेव्हणा

ता. क. निरर्थक नावं काढून सुटसुटीत नावं घालायचं कामही माझ्याचकडे आहे. बकुडी अजून काढलेली नाही. ताईला या नावाने हाक मारणारी तीनच माणसं, बाबा, तुम्ही आणि मी. बाबांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. मी इथे आलो तेव्हा ती ओळ आधीच होती. एकदा ते नाव बदललं, की ती ओळ माझ्याशिवाय कुणाचीच राहणार नाही. सोमवारी तुम्ही येऊन सांगाल का? मी स्वतः कुणाकडे तुमचं नाव घेतलेलं नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा उघडलं. घड्याळजी आज सकाळी गेले. निरोपाची सोय बंद आहे, म्हणून डॉक्टरांनी स्वतः जाऊन बाईंना सांगितलं. त्या उठल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘परत एकदा नीट बघा. तुमच्याकडे असं चुकून होतं.’

ता. क. शेवटचा. आत्ताच ताईचा फोन आला होता. माझा आवाज ऐकून खोदून खोदून विचारायला लागली, तेव्हा कुणीतरी लिहिलेली ओळ माझ्या गळ्यात पडली आहे, एवढंच सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘अरे, मग घाबरतोस काय वेड्यासारखा? यांना विचार ना. त्यातली ओळ न् ओळ यांना ठाऊक आहे.’

म्हणून विचारतो आहे.