जुन्या चेनसॉबद्दल मागवलेली मतं

४ नोव्हेंबर, सकाळ
एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. अंजनगावात एखाद्या वस्तूबद्दल मत विचारलं, तर लोक ती वस्तू सोडून बाकी सगळ्या जगाबद्दल मत देतात. आज स्टाफरूममध्ये साधा प्रश्न ठेवला : जुनी, मध्यम आकाराची, पेट्रोलवर चालणारी चेनसॉ सरपण कापायला कशी? फिजिक्सच्या सरांनी मेहुण्याच्या ट्रॅक्टरचं अ‍ॅव्हरेज सांगितलं. मराठीच्या मॅडमनी विचारलं, झाड कोणाचं. हेडमास्तर म्हणाले, झाड तोडणं आणि शाळा एका वाक्यात नको. मधली सुट्टी संपली. उपयुक्त मतं : शून्य.

वस्तुस्थिती अशी. आषाढातल्या वादळात परसातली बाभूळ आडवी झाली, ती तशीच पडून आहे. बायको, पंचफुला, दसऱ्यापासून अकोल्याला मुलीकडे, नीलमकडे आहे. हवापालट. (फुप्फुसाचे डॉक्टरही अकोल्यातच आहेत, हा योगायोग.) थंडी पडली की ती परत येणार. आली की तिला अंघोळीला बंबाचं पाणी लागणार. डॉक्टरांनी धूर पूर्ण वर्ज्य सांगितला आहे. पण धूर करतं ते ओलं, जाड, ओबडधोबड लाकूड. वाळलेलं, बारीक, एकसारखं कापलेलं लाकूड धूर करत नाही. म्हणजे प्रश्न फुप्फुसाचा नसून कापणीचा आहे.

संकल्प : नोव्हेंबर संपायच्या आत सगळी बाभूळ वीत-वीत तुकड्यांत.

६ नोव्हेंबर
मशीन घरी आली. रऊफभाईंची आहे. बसस्टँडमागे त्यांची लाकडाची टाल, म्हणजे वखार. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्यांनी शाळा आठवीत सोडली, मी अजून शाळेतच आहे. त्यांनी नवी मशीन घेतली, ही जुनी मला वापरायला दिली. मूळ रंग कोणता होता, यावर त्यांच्या घरातही एकमत नाही.

त्यांचं मत : "सर, ना लहान ना मोठी. तुमच्यासारखीच हाय. चालू झाली तं थांबत नाही, अन् रुसली तं बोलत नाही."

मी यंत्राचं नाव क्रकच ठेवलं. संस्कृतात करवतीला हाच शब्द. रऊफभाई म्हणाले, नाव खानदानी आहे, पण हाक मारून ती सुरू होणार नाही, दोरी ओढावी लागेल. जाताना दोनदा बजावून गेले की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याशिवाय टाकू नका.

व्यापारी माणूस. मिसळण्यापलीकडे काही सुचत नाही. मी हसून मान हलवली.

९ नोव्हेंबर
किसनरावांचा बाळापूरहून फोन. पंचफुलाचे थोरले बंधू, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. मी मत मागितलं नव्हतं, त्यामुळे ते तत्काळ मिळालं. म्हणाले, "जवाईबुवा, ते मशीन भंगारात टाका अन् घरी गिझर बसवा. धूर चालत नाही हे डॉक्टर मराठीत बोलला. तुमाले संस्कृतात सांगा लागते का?"

तीस वर्षं झाली, मी शिकायला पाली सोडून संस्कृत का घेतलं याचा राग ते अजून प्रत्येक विषयात काढतात. मी शांतपणे वाळलेल्या लाकडाचा सिद्धांत मांडला. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१३ नोव्हेंबर, सायंकाळ
विजय. क्रकच सुरू झाली.

पेट्रोल स्वतः आणलं. पंपावरच्या माणसाने बाटली पाहून विचारलं, टू-स्ट्रोकचं आहे का, ऑइल टाकू का? मी स्पष्ट सांगितलं, शुद्ध द्या. उभं आयुष्य मुलांचे उच्चार शुद्ध करण्यात घालवलं, आता या वयात भेसळ विकत घेणार नाही.

दोरी ओढून खांदा उतरल्यासारखा वाटला, पण मशीन बोलली. आवाज असा की शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या. फांद्यांचे टोपलंभर तुकडे पडले. काही वीतभर, काही हातभर, एक चौकोनी कसा झाला ते कळलं नाही.

आवाज रेकॉर्ड करून पंचफुलाला पाठवला. तिने फोनवर सांगितलं की माहे कान गेले, आणि विचारलं की बोटं मोजून पाहिली का, आणि जेवले का. मध्ये थांबून थांबून बोलत होती. नेटवर्क खराब.

१४ नोव्हेंबर
क्रकच विश्रांती घेत आहे. काल शेवटी जरा गरम झाली होती, मग गुरगुरली, मग थांबली. आज दोरीच हलत नाही. थंडीने आखडली असावी. (दुपारी तापमान चांगलं होतं, पण यंत्रांचं यंत्रांना माहीत.)

१६ नोव्हेंबर
रऊफभाई आले. टाकीचं झाकण काढून वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वास घेतला.

"सर, ऑइल?"

मी शुद्धतेविषयी थोडक्यात सांगितलं.

ते खोडावर बसले. म्हणाले, "तुमी मशीनले तहानेनं मारलं." मग सावकाश समजावलं : या इंजिनाला वेगळं तेलपाणी नसतं, पेट्रोलमधून जातं तेवढंच. पिस्टन आत चिकटला. मी म्हटलं, निघेल ना? ते म्हणाले, पाहू. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

जाताना त्यांनी विचारलं, भाभीची तब्येत कशी आहे. मी म्हटलं, छान, थंडीत येते आहे. त्यांनी एकवार बाभळीकडे पाहिलं आणि मशीन माझ्याकडेच ठेवून गेले.

२३ नोव्हेंबर, अकोला
अकोटमार्गे एसटीने. पंचफुला गॅलरीत खुर्चीवर. बारीक दिसते, पण ऊन तोंडावर होतं म्हणून तसं वाटलं असेल. नाकाशी हिरवी नळी. शेजारी ऑक्सिजनची मशीन. तीही मध्यम आकाराची, वापरलेली, जावयांनी कोणाच्या तरी घरून आणलेली. सतत एका सुरात गुणगुणते. नीलम म्हणाली, फक्त रात्रीपुरती लावायची आहे. हे तिने मला दुपारी दोन वाजता सांगितलं.

या मशीनबद्दल मी कोणाचं मत विचारलं नाही.

पंचफुला गिझरवर खूश. कळ फिरवली की गरम पाणी, फुंकणी नाही, डोळे चुरचुरणं नाही. मी म्हटलं, गिझरच्या पाण्याला बंबाची चव नाही. ती म्हणाली, "पानी आंगावर घ्याचं असते, चाखाचं नसते." हसली आणि मग पुष्कळ वेळ खोकली. मी तोवर गॅलरीच्या कठड्याची गुणवत्ता तपासली.

निघताना तिने बाभळीचं विचारलं. म्हणाली, सगळी नका कापू, बुडखा ठेवा, उन्हात बसायला होईल.

हे महत्त्वाचं. उन्हात बसायला म्हणजे कोणाला? तिलाच. म्हणजे ती येणार आहे. किसनरावांना हे कळवलं. ते म्हणाले, हं.

संकल्प : बुडख्याला हात लावायचा नाही. बाकीचं पंधरवड्यात उरकायचं.

३ डिसेंबर
परतवाड्याच्या मेकॅनिकचं मत : या मॉडेलचा पिस्टन येणं बंद झालं. लहान मशीनचा मिळतो, मोठीचाही मिळतो, मधल्याचा नाही. अमरावतीच्या दुकानदाराचं मत : ठेवा, जुनं लोखंड चांगलं. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्षकांच्या ग्रुपमध्ये प्रश्न टाकला. पाच अंगठे आले आणि एक सुप्रभात.

दरम्यान कुऱ्हाडीने काम सुरू केलं आहे. बाभूळ वाळल्यावर दगड होते. हाताला फोड. फळ्यावर लिहिताना खडू धरता येत नाही, त्यामुळे दहावीला संस्कृतची रूपं तोंडी सांगितली. मुलांना फार आवडलं. त्यांना न लिहिता काहीही आवडतं.

१२ डिसेंबर, सकाळ
थंडी पडली. आता वेळ घालवून चालणार नाही. प्रत्यक्ष प्रयोग केला.

पद्धत : टोपलंभर उत्तम तुकडे बंबात लावले. बंबावर दोरीला स्वच्छ पांढरा रुमाल टांगला. सिद्धांताप्रमाणे रुमाल पांढरा राहायला हवा.

निष्कर्ष : रुमालाचा रंग तांदळाच्या धुवणासारखा. धूर म्हणता येणार नाही. उष्णतेमुळे कापडात होणारा बदल.

नंतर मी शेजारी उभं राहून पंचफुला घेते तसे लहान लहान श्वास घेऊन पाहिले. डोळ्यांत पाणी आलं. खोकला आला, तो थंडीचा. बाहेर येऊन बुडख्यावर बसलो. सगळ्या परसात धूर होता. तो शेजाऱ्यांचा असावा.

रुमाल धुतला. गेला नाही रंग.

२२ डिसेंबर
नीलमचा फोन. आईच्या स्वेटर-शाली पाठवा म्हणाली. मी म्हटलं, पंधरा दिवसांत ती इकडेच येणार, ओझं कशाला इकडून तिकडे? ती म्हणाली, "बाबा, उन्हाळ्याच्या सुती साड्या पण पाठवा."

उन्हाळा दूर आहे. अकोल्यात लवकर पडत असेल.

शेवटी तिने असंही सुचवलं की मीच रजा टाकून तिकडे राहायला यावं. आई तोंडाने म्हणत नाही, पण दाराकडे पाहते. मी सांगितलं, शाळा आहे, आणि मशीनचं काम अर्धवट आहे. ती म्हणाली, "कोणती मशीन, बाबा?" तिच्या मागे ती दुसरी गुणगुणत होती. दुपार होती.

साड्यांची पेटी उघडली. पुन्हा बंद केली. उद्या.

२ जानेवारी
साड्या अजून घरीच. एसटीची गर्दी.

नववर्षाचा संकल्प : पिस्टनसाठी नागपूरला चौकशी.

११ जानेवारी, अकोला
नीलमने तातडीने बोलावलं म्हणून आलो. काही विशेष नाही. नीलम, जावई आणि मी, तिघांना एकदम भेटायचं म्हणून डॉक्टरांनी बोलावलं होतं. तरुण आहेत, गावाकडे शेती आहे. आत नीलमने काय ते विचारलं, त्यांनी काय ते सांगितलं. माझं लक्ष भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे होतं. झाडासारखं दिसतं. फांद्या, फांद्यांना फांद्या.

मग डॉक्टर पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला काही विचारायचंय?"

मी म्हटलं, हो.

मी विचारलं की जुनी, मध्यम आकाराची चेनसॉ, पिस्टन चिकटलेला, दुरुस्त करावी की द्यावी.

नीलमने हातातली पर्स उगाच उघडली आणि मिटली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला, खरंच केला. म्हणाले, त्यांच्या वडिलांकडे तसलीच होती. त्यांनी दोन वर्षं दुरुस्तीत घालवली. "तेवढ्या वेळात बाबा जवळ बसले असते तर आम्हाला जास्त आवडलं असतं, सर."

हे मत मी नोंदवलं. बाकीच्यांच्या तुलनेत बरंच स्पष्ट आहे.

बाहेर येऊन पंचफुलाच्या खुर्चीशेजारी बसलो. तिने मत काय पडलं ते विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "हात दाखवा." फोडांवरून अंगठा फिरवत राहिली. बऱ्याच दिवसांनी आम्ही कोणाचं मत न घेता बसलो.

१७ जानेवारी, अंजनगाव
रजेचा अर्ज दिला. हेडमास्तरांनी कारण विचारलं. घरगुती, असं लिहिलं.

रऊफभाई येऊन मशीन घेऊन गेले. लुबनाने, त्यांच्या मुलीने, भाभीसाठी तीळगुळाचा डबा दिला. त्यांनी मशीन पोत्यात गुंडाळली, आणि मी न विचारता म्हणाले, होते अशी चूक, माझ्या भावानेही केली होती. त्यांना भाऊ नाही, हे मला आठवीपासून माहीत आहे.

साड्यांची पेटी दाराशी काढून ठेवली आहे. सुती, रेशमी, सगळ्याच. उद्या सकाळची अकोट गाडी.

बाभूळ जवळजवळ जशीच्या तशी आहे. बुडखा मात्र छान निघाला आहे. सकाळी ऊन बरोबर तिथे पडतं. दोघं बसतील एवढा आहे. आता त्यावरच बसून लिहितो आहे, एका बाजूला सरकून.

अर्ध्या तालुक्याला मी त्या चेनसॉबद्दल विचारलं. डॉक्टरांनी आपणहून विचारलं तेव्हाही तेच विचारलं. मला विचारायचं होतं ते एवढंच, की पंचफुला घरी येईल का. विचारलं नाही, कारण ते मत देणार नव्हते, उत्तर देणार होते. आणि मला वाटतं, ती नाही येणार.