आजचा बर्फ पक्का आहे

४ जानेवारी, शनिवार
पोचले एकदाची. घाटात बस इतकी हेलकावत होती की जीव नकोसा झाला होता, पण दरी दिसली आणि सगळं विसरले. मधोमध गोठलेली नदी, दोन्ही बाजूंना पांढरे डोंगर.

माझी जागा झकास आहे. खाली उन्हाळ्यातल्या होड्या ठेवायची वखार, वर माझी खोली आणि कचेरी एकातच. शेगडी, पलंग, टेबल, आणि टेबलावर फोनला जोडलेलं टेपचं यंत्र. इथे डोंगर चढायला किंवा नदीवर स्केटिंग करायला येणारे लोक सकाळी एक नंबर फिरवतात आणि त्यांना त्या दिवसाचं हवामान ऐकू येतं: सुळक्यावर वारा किती, पायवाट निसरडी आहे का, नदीवरचा बर्फ पक्का आहे का. उद्यापासून तो आवाज माझा. आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी स्वेटरांची चौकशी केली.

आधीचे निरीक्षक आज निवृत्त झाले. सगळे त्यांना पारेकाका म्हणतात, कारण पाऱ्याशिवाय दुसरा विषय नाही. जाता जाता मला ओढत नदीच्या वाकणावर नेलं. तिथे तळाशी कोमट झरा आहे, त्यामुळे बर्फाचा भरवसा नाही. टोकाला लोखंड बसवलेली काठी त्यांनी बर्फावर आपटून दाखवली. पक्का बर्फ ठण्ण वाजतो, कच्चा ढप. छपरावरच्या हवा मोजायच्या यंत्राला नदीतलं काही कळत नाही, रोज सकाळी स्वतः ठोकून यायचं आणि मगच निरोप भरायचा, असं त्यांनी इतक्यांदा बजावलं की मला हसू आवरेना. काठीबरोबर एक शिट्टीही दिली. ती वाजली की शोधपथक कारण न विचारता धावत येतं म्हणे.

७ जानेवारी, मंगळवार
माझं कौतुक चाललंय आणि मला ते आवडतंय, खोटं कशाला लिहू? निरोप मी आधी इथे रोजनिशीत लिहून पाहते, शब्द खालीवर करते, मग यंत्रासमोर वाचते. खालच्या चहाच्या दुकानातल्या मावशी म्हणाल्या की पारेकाकांचा निरोप ऐकून डुलकी यायची, आता लोक घरी बसून नुसता आवाज ऐकायला फोन करतात. कचेरीचे आणि शोधपथकाचे प्रमुख, आमचे साहेब, तेही खूश.

दुकानात दोन बहिणी भेटल्या. थोरली गंभीर, धाकटी अखंड बडबडी, दोघींच्या डोक्यावर आईने विणलेल्या लाल टोप्या. दर रविवारी वाकणापर्यंत स्केटिंग करतात. धाकटी म्हणाली की माझ्या निरोपात हो ऐकल्याशिवाय आई त्यांना उंबऱ्याबाहेर सोडत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
कडाक्याची थंडी. पारा इतका खाली आहे की बर्फ कच्चा असणं शक्यच नाही. कालही वाकणावर गेले नव्हते, आजही नाही. खिडकीतून नदी दिसते की. काही बिघडलं नाही.

११ जानेवारी, शनिवार
उद्याचा निरोप आत्ता संध्याकाळीच भरून ठेवला. रविवारी तरी जरा उशिरापर्यंत लोळावं. शेवटची ओळ छान जमली: आजचा बर्फ पक्का आहे, वाकणापर्यंत बिनधास्त या.

१२ जानेवारी, रविवार
पागोळ्यांच्या आवाजाने जाग आली. पहाटे कधीतरी उबदार वारा सुटला होता आणि छपरावरून पाणी गळत होतं. तशीच उठून टेप बदलली. पण तोवर कितीतरी लोकांनी ऐकलं असणार.

दरीत धुकं भरलंय. दुपारी साहेब वर आले. दोघी बहिणी घरी परतल्या नाहीत. सकाळी वाकणावर गेला होतात ना, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हणाले, गेले होते. बर्फ पक्का होता. दोघींना पाहिलं का? पाहिलं, मी म्हणाले. लाल टोप्या, सुळक्याच्या वाटेने वर चालल्या होत्या.

असं का बोलले मी? तोंडातून निघून गेलं. साहेबांनी लगेच सगळं पथक वर पाठवलं. नदीकडे कोणीच गेलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार
नदी पुन्हा गोठली, वर ताजा बर्फ पडला. आता ती कोऱ्या कागदासारखी दिसते. पथक सुळक्यावर शोधतंय.

मुलींची आई चहाच्या दुकानात बसली होती. माझे दोन्ही हात धरून तिने विचारलं की तू शेवटचं पाहिलंस त्यांना, कशा दिसत होत्या? हसत होत्या, असं मी सांगितलं. त्या माउलीने माझे हात डोळ्यांना लावले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

दुपारी टेप नीट चालते का पाहायला स्वतःचाच नंबर फिरवला. माझा निरोप संपला. मग माझाच आवाज पुढे बोलत राहिला, तसाच गोड. वाकणाखाली वारा नाही. पाणी उतरलंय. दोघी दगडाला टेकून आहेत. बर्फाखाली हवा हातभर आहे.

मी हे भरलं नव्हतं.

१४ जानेवारी, मंगळवार
टेप पुसली, नवी घातली. पुन्हा ऐकली. वाकणाखाली हवा वीतभर आहे.

मावशींना ऐकायला लावलं. त्यांना फक्त रोजचं हवामान ऐकू आलं. घसा बसलाय, गरम पाणी पी, म्हणाल्या. तेव्हाच सांगणार होते. तेवढ्यात साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की या बाईने पाहिलं म्हणून निदान दिशा तरी कळली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आज सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलं? उद्या तर आणखीच—

१५ जानेवारी, बुधवार
चार बोटं.

मुलींची आई जिना चढून वर आली. माझ्यासाठी लाल टोपी विणून आणली. त्या दिवशी पहाटे थंडीत माझ्या पोरींसाठी बाहेर उभी होतीस ना, म्हणाली. स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर बसवली.

ती गेल्यावर खालच्या वखारीतून आवाज आला. ढप. होड्यांच्या तळाखालून. मग माझ्या खोलीच्या फळ्यांखालून. आता टेबलाखालून—

टोपी ओली आहे. काढली तरी कपाळ गारच—

१६ जानेवारी, गुरुवार
बोटभर.

साहेबांच्या दारापर्यंत गेले. पथकातली माणसं नुकतीच उतरली होती. एकाच्या हाताची बोटं थंडीने काळी पडलीयत. माझ्यामुळे. त्याने उठून मला खुर्ची दिली.

परत आले. लाज वाटते. देवा, किती लाज वाटते. आणि तरीही—

फोन सतत वाजतोय. उचलला की पाण्याचा आवाज आणि धाकटीची बडबड. अगदी हळू. माझ्याच निरोपातली ओळ म्हणतेय. बिनधास्त या.

१७ जानेवारी, शुक्रवार
आज निरोपात आकडा नाही. फक्त इतकंच: निरीक्षक बाई अजून आल्या नाहीत.

आले. काठी, शिट्टी, लाल टोपी, ही रोजनिशी. वाकणावर उभी आहे. भर उजेड, वारा नाही. बर्फ ठोकला—

खालून उत्तर आलं. एक ठोका. मग दुसरा, जरा हलका.

आहेत. अजून आहेत.

शिट्टी तोंडात आहे. पथक हाकेच्या अंतरावर, पुलाशी. पण येतील आणि विचारतील, इथेच आहेत हे तुला कसं कळलं? आई विचारेल. वाटेने वर गेल्या म्हणाली होतीस, हसत होत्या म्हणाली होतीस—

काय सांगायचं ते आधी इथे लिहून पाहते. एकच मिनिट.

साहेब, आज सहज फिरत असताना— नको.

साहेब, धुक्यात मला तेव्हा नीट दिसलं नसावं— नको.

ठोका. एकच.

साहेब, मी त्या सकाळी वाकणावर— गेले होते, पण—

पायाखाली आवाज झाला. ठण्ण नव्हे. वाजवते, आत्ता वाजवते, फक्त हे एक वाक्य नीट जमू दे. साहेब, मी त्या सका