डोळ्यात गेलेला भुसा

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर वाकू देईल तेवढाच, उरलेला तू समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला आणि दाजींचा स्वभाव, दोन्हींपैकी एक तरी आटोक्यात आला असेल अशी आशा करतो. पेपरात छापून आलेला तो रडका माणूस तूच का, आणि तुला घरात काही त्रास आहे का, असं तू परवा फोनवर विचारलंस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. (ही शेजारी बसून वाचते आहे.)

झालं असं, की आमच्या लाकडाच्या वखारीत एक फोटोवाल्या बाई यायला लागल्या. कष्टकऱ्यांचं आयुष्य जसं आहे तसं टिपायचं, हे त्यांचं काम. आता 'जसं आहे तसं' हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अख्खी वखार इस्त्रीचे शर्ट घालून हजर. मालकांनी करवतीच्या यंत्राला हिरवा रंग मारून घेतला होता, तो वाळायच्या आत हिशेबनीस त्याला रुबाबात टेकून उभे राहिले. (ती पँट अजून हिरवी आहे.) मी ओंडक्यावर एक पाय ठेवून, छाती काढून, लांब कुठेतरी बघत राहिलो. बाईंनी त्यातलं काहीच घेतलं नाही. काका, मी इथे नाहीच असं समजा, म्हणाल्या, आणि यंत्राशेजारी पालथ्या पडल्या. आता पायाशी माणूस पडलेलं असताना ते तिथे नाहीच असं समजायचं, तर त्यासाठी वखारीचा मालक असावं लागतं. आम्हाला सवय नाही.

करवतीवर आम्ही दोघं. मी ओंडका पुढे ढकलायचा आणि पलीकडून जज्जने फळी ओढून घ्यायची. (जज्ज म्हणजे माझा जोडीदार. एक डोळा मिटून फळीकडे बघायचा आणि 'वाकडी' असा निकाल द्यायचा. फळीवर, हवेवर, माझ्या टोपीवर; अपील नाही.) त्या दिवशी बाई नाहीतच असं समजता समजता मी त्यांच्याकडेच बघत राहिलो आणि डोळ्यात भुसा गेला. यंत्र थांबवलं. मी मनगटाने डोळा चोळतोय, गालावर धारा लागल्यात, आणि पलीकडे जज्ज पोट धरून हसतोय. तेवढ्यात खटकन आवाज आला. त्या फोटोची गोष्ट एवढीच. ताई, मी रडत नव्हतो.

पुढे काही दिवसांनी जज्ज गेला. ताप आला म्हणून घरी थांबला, तो परत आलाच नाही. मी काय केलं? कामं केली. गाडी बोलावली, खुर्च्या मागवल्या, कुणाला पाणी दे, कुणाला चहा दे, आत-बाहेर, आत-बाहेर. डोळे कोरडे ठणठणीत. जज्जच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनींसमोर, बसायची वेळ आली तेव्हा काय बोलावं ते सुचेना, तर त्यांच्या दाराकडे बघून म्हणालो, बिजागरी सैल झाली आहे, एकदा येऊन बसवून देतो. माणूस गेला त्या घरात मी बिजागरीवर बोलून आलो. आणि बसवायलाही गेलो नाही. करवतीवर आता नवा माणूस आहे. चांगला आहे. फळी वाकडी आली तरी काही बोलत नाही.

मग बाईंच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. ही आणि मी नटूनथटून गेलो, तर दारातच मी. दाराएवढा. खाली पाटी, 'जोडीदार गेल्यानंतर'. लोक गपचूप येऊन माझा हात हातात घेऊ लागले. कोटातल्या एका गृहस्थांनी विचारलं, त्या क्षणी मनात काय होतं? म्हटलं, मनात नव्हतं, डोळ्यात होतं; भुसा. केवढं बोललात, म्हणाले, आणि पत्नीला बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलं. (म्हटलं. त्यांनी रुमाल काढला.)

फोटोवाल्या बाई उशिरा आल्या आणि पाटी वाचून त्यांचा चेहराच उतरला. फोटो कापून मोठा करायचा आणि खाली ओळ लिहायची, हे दोन्ही उद्योग हॉलवाल्यांनी परस्पर केले होते. माझा जोडीदार वारला एवढं त्यांच्या कानावर होतं, बाकीचं त्यांनी जुळवलं. आत्ता काढते, म्हणून बाईंनी पाटीला हात घातला, आणि नेमक्या तेव्हाच वहिनी आल्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भावोजी, तुम्ही रडलात," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्हाला काहीच वाटलं नाही."

पाटी अर्धी सुटलेली. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी पाटी पुन्हा चिकटवली.

पुढे पाटीसकट तोच फोटो पेपरात छापून आला. तेव्हापासून जो तो मला जपतो आहे. न्हावीसुद्धा माझी दाढी करताना रेडिओ बंद करतो. न गाळलेल्या आसवांचं श्रेय घेत मी गावभर फिरतो आहे, आणि खरी कुठे अडकली आहेत ते मला ठाऊक नाही.

असो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत एक फोटो आहे. तोच, पण न कापलेला. बाईंनी मला घरी आणून दिला. त्यात करवतीपलीकडे जज्ज आहे, सगळे दात दाखवून हसतोय. वहिनींकडे त्याचा ओळखपत्रावरचा तेवढा एक फोटो आहे, आणि त्यात तो कुणाला तरी जन्मठेप सुनावल्यासारखा दिसतो. त्या आता लेकीकडे राहायला आल्या आहेत, तुझ्या मागच्याच गल्लीत. हा त्यांच्या हातात दे. बघताक्षणी त्यांना कळेल, की मी डोळे पुसत होतो तेव्हा तो समोर जिवंत होता. त्या विचारतील. तू काहीतरी सांग. लहानपणी आईला माझ्या वतीने तूच सांगायचीस.

आणखी एक ता. क. पाकिटात फोटो शोधत बसू नकोस, काढून घेतला आहे. रविवारी सकाळच्या बसने मीच घेऊन येतो. वहिनींना आधी कळवू नकोस. थांब्यावर मात्र तू स्वतः उभी राहा, दाजींना पाठवू नकोस. तू दिसली नाहीस तर मी खाली न उतरता त्याच गाडीने परत जाईन.