पंधरा की चौऱ्याण्णव

आई, तुझी ती शर्यत परत निघाली. स्टेडियम नव्हे, ते तू गेल्यावर दोनच वर्षांत पाडलं, आता तिथे गालिच्यांचं भलंमोठं दुकान आहे. शर्यत निघाली ती माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, आम्हाला लंच अवरला इंटरनेट बघू देतात. सँडविच खाता खाता मी सहज आपल्या जुन्या भागाचं नाव टाकलं, तर स्टॉक कारच्या शर्यतींच्या जुन्या शौकिनांची गप्पांची साइट उघडली. साठी उलटलेले बाप्ये शाळकरी पोरांसारखे भांडत होते, की तीस वर्षांपूर्वीच्या त्या पावसातल्या फायनलला खरं कोण जिंकलं, पंधरा नंबरची गाडी की चौऱ्याण्णव? मी हसत वाचत होते गं, अगदी मजेत. मग खाली एकाने लिहिलेलं दिसलं, 'अरे, नंबर लिहायला ती साडीवाली इंडियन बाई बसवली होती ना, तिला आकडेच येत नव्हते.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तुला आकडे येत नव्हते! नागपूरला आपल्या वस्तीत ज्या मुलीच्या हाती घराण्यातली पहिली पाटी आली, जिने पाढे म्हणून दाखवले की आजोबा शेजारपाजारच्यांना गोळा करायचे, तिला! सँडविच तसंच राहिलं.

तू त्या शर्यतींच्या नादी कशी लागलीस हे घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचीस, म्हणून मला पाठच आहे. तू लीड्सच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड रूमला होतीस. एक मिशावाले गृहस्थ बायकोची फाइल मागायला आले, त्यांनी लांबलचक नंबर एकदा वाचला आणि तू कागदाकडे न बघता तो मागे फिरून म्हणत म्हणत फाइल काढून आणलीस. ते बघतच राहिले. म्हणाले, "शनिवारी काय करता तुम्ही?" हे ऐकून बाबांचा चेहरा असा काही झाला की तुला हसू आवरेना. पण ते निघाले स्टॉक कारच्या स्कोअररांचे मुख्य. त्यांना गाड्यांचे नंबर झपाट्याने लिहिणारं माणूस हवं होतं. बाबा म्हणाले, "अगं, बायकांचं काम आहे का ते?" तू म्हणालीस, "काऊन? गाड्या मोजायला मिशा लागतात का?" आणि गेलीस. साडी, त्यावर बाबांचा ओव्हरकोट, पायांत दोन जोड्या मोजे, पिशवीत चिवड्याचा डबा. नागपूरला मामाला तू लिहिलं होतंस की इथले लोक गाड्यांना लोखंडी बंपर लावून एकमेकींवर मुद्दाम आदळवतात आणि वर टाळ्या वाजवतात, पण मंडळी फार चांगली आहेत.

काम काय होतं, तर लाकडी खोक्यासारख्या त्या खोलीत बसायचं आणि प्रत्येक फेरीला रेघ ओलांडणाऱ्या गाड्यांचे नंबर क्रमाने लिहीत जायचं. एका फेरीचा एक रकाना. शेवटच्या रकान्यात सगळ्यांत वर जो नंबर, तो जिंकला. तुला ते इतकं जमलं की दोन सीझनमध्ये फायनलचा मुख्य कागद तुझ्याकडे आला. मी तुला एकदा म्हटलं होतं, "आई, तू तिथे जातेस हे माझ्या कॉलेजात नको सांगूस कुणाला." तू म्हणालीस, "बरं." एवढंच.

तो शनिवार. मैत्रिणींनी ओढून आणलं म्हणून मी स्टँडमध्ये आहे, तू समोर तुझ्या खोक्यात. पाऊस तिरपा येतोय, चिखल उडून गाड्यांचे नंबर दिसेनासे झालेत, आणि शेवटच्या फेरीला पाच-सहा गाड्यांचा एकच घोळका रेघेवरून जातो. त्यात पंधरा आहे, चौऱ्याण्णवही आहे, पण चौऱ्याण्णव पूर्ण एक फेरी मागे आहे. झेंडेवाल्यालाही काही कळलेलं नाही. सगळे तुझ्या कागदाची वाट बघतायत. घाईत माणूस आईच्या भाषेतच मोजतो गं, आणि तुझा हातही त्या क्षणी मराठी झाला. तू वर लिहिलंस १५. त्याखाली २३, मग ३०, आणि मग भानावर येऊन पुढचे सगळे इंग्रजीत. तेवीस आणि तीस दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण इंग्रजी डोळ्यांना तुझा १५ कसा दिसतो? 94! माइकवर पुकारा झाला, चौऱ्याण्णव जिंकला, आणि अर्धं स्टेडियम बोंबलायला लागलं. तू खोक्याबाहेर येऊन "नो, नो, फिफ्टीन" म्हणत होतीस. मिशावाल्यांनी कागद तुझ्यापुढे धरला, "लव्ह," इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हणाले, "अक्षर तुझंच आहे ना?" तू हो म्हणालीस. पुढचं तुला इंग्रजीत सांगता येईना. माझी मैत्रीण म्हणाली, "कोण ही बाई?" आणि मी म्हटलं, "काय माहीत."

निघताना मिशावाले तुला म्हणाले की थोडे दिवस विश्रांती घे, मग कळवतो. दुसऱ्या दिवशी रविवार. तू कणीक भिजवत होतीस आणि टेबलावर त्या कागदाची कार्बन कॉपी होती. "हे पाह्य," तू म्हणालीस, "हे पंधरा आहे. लेखी आहे. चुकले नाही मी." किती आनंदाने म्हणालीस! आणि मी, एकोणीस वर्षांची शहाणी, तुझ्यावर खेकसले, "कोण वाचणार इथे तुझं मराठी? लिहिलंसच कशाला? शोभा झाली आपली सगळ्यांपुढे." तू हात धुतलेस, पदराला पुसलेस. मग म्हणालीस, "तू इंग्रजीत लिहून दे. मी सांगते." तू मिशावाल्यांना पत्र सांगितलंस, मी लिहिलं, पाकीट बंद केलं, तिकीट लावलं, आणि कॉलेजला जाताना टाकते म्हणाले.

आई, ते पत्र मी टाकलं नाही. पेटीपाशी उभी राहिले होते. वाटलं, हे वाचून ते अजून हसतील, प्रकरण आपोआप विझेल, कशाला पुन्हा फुंकर घाला. संध्याकाळी तू विचारलंस, "टाकलंस?" मी हो म्हटलं. मग तू वाट बघायला लागलीस. सकाळी दारातल्या फटीतून टपाल पडलं की तू ओल्या हातांनी धावायचीस. "आज पण नाही वाटते," म्हणायचीस. तिसऱ्या आठवड्यानंतर म्हणणंही बंद झालं. वारा त्या बाजूचा असला की शनिवारी गाड्यांचा आवाज आपल्या किचनपर्यंत यायचा. "केवढा कलकलाट करतात हे लोक," म्हणून तू खिडकी लावून घ्यायचीस. मी समोर बसून चहा प्यायचे. माझ्या तोंडात एक मारायला हवी होती तेव्हा कुणीतरी.

तर त्या साइटवर पुढे लिहिलं होतं की हे सगळे जुने लोक एका रविवारी दुपारी क्लबात जमणार आहेत. मी तुझी कार्बन कॉपी घेतली, आणि ते पाकीटही घेतलं. हो, पाकीट आहे अजून. फाडायची हिंमत झाली नाही आणि टाकायचीही नाही, तीन घरं बदलली तरी माझ्याबरोबर फिरलं. क्लबात टेबलांवर फोटोच फोटो, चहाची मोठी किटली, आणि भिंतीवर स्टेडियम पाडताना वाचवलेली विजेत्यांची पाटी. त्या वर्षापुढे 94. दोन म्हातारे तिथेच हुज्जत घालत होते. मी मध्येच म्हटलं, "ती साडीवाली बाई माझी आई." इतकी वर्षं लागली गं हे वाक्य बोलायला. मी कागद पसरला. म्हटलं, "हे बघा, याच रकान्यात खाली पाचव्या जागी स्वच्छ इंग्रजीत 94 आहे. एकच गाडी एका फेरीत दोनदा कशी येईल?" मग सोडतीच्या तिकिटामागे एक ते नऊ मराठीत लिहून दाखवले. एक जण चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, ही तर बरोबर होती." खरं तर त्याने इंग्रजीत दुसरंच काहीतरी म्हटलं, ते तुला नाही सांगत. मग काय विचारतेस, रांग लागली. ज्याला त्याला आपापल्या गाडीचा नंबर मराठीत हवा. माझा हात दुखून आला.

पंधरा नंबरवाला तिथेच होता. गुडघे गेलेत, हसू शाबूत आहे. कुणीतरी म्हणालं की पाटी नव्याने रंगवून घेऊ. तो म्हणाला, "काही गरज नाही. आहे तेच राहू दे. खाली फक्त लिहा, मराठीत वाचावे." सगळा हॉल हसला, आणि मला असं रडू फुटलं की एका बाईने भांडी पुसायचा टॉवेलच आणून दिला.

आणि मिशावाले! मिशा पांढऱ्याशुभ्र, कानात यंत्र, पण आहेत. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "एवढी साधी गोष्ट होती, तर तिने मला दोन ओळी का नाही लिहिल्या? मी तिला पुढच्या शनिवारी परत बसवली असती." मला वाटलं, आता मान हलवावी आणि निघावं. ऐंशी उलटलेला माणूस, त्याला काय कळणार आहे? पण तू रोज सकाळी टपालाकडे धावायचीस ते डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "तिने लिहिलं होतं. मी टाकलं नाही." आणि पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी विचारलं, "किती वर्षांची होतीस?" एकोणीस, मी म्हटलं. "म्हणजे पोस्टाची पेटी कुठे असते हे कळण्याइतकी मोठी होतीस." त्यांनी हळूहळू पाकीट उघडलं, सगळं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तिचा पत्ता माझ्याकडेही होता. बस पकडून येता आलं असतं. मीही आलो नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

आता पुढच्या महिन्यात ते पुन्हा जमणार आहेत. जुन्या कागदांचं एक खोकं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये सापडलंय, त्यात तुझेही कागद आहेत म्हणे, आणि ते वाचायला मलाच बोलावलंय. त्या साइटवरचं ते वाक्य लिहिणाऱ्याने स्वतःहून काढून टाकलं. मी जाणार आहे, चिवडाही करणार आहे, तुझ्यासारखा होणार नाही ते सोड.

एक मात्र राहिलं. पत्र सांगताना शेवटी तू म्हणाली होतीस, "आणि हे लिही, की तुमच्यात बसले की मला इथे कुणी पाहुणी समजत नव्हतं." मला ते फार लाचारीचं वाटलं. मी ते वाक्य लिहिलंच नाही, खाली तुझी सही घेऊन टाकली, आणि तुला वाटलं सगळं उतरलं. त्या पाकिटात ते नाही, त्यामुळे मिशावाल्यांना अजून ठाऊक नाही. त्यांना मी सांगेन, इंग्रजी जुळवून ठेवलंय. पण त्याआधी तुला सांगते, आई. मी सहा वर्षांची असल्यापासून या देशात आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ मला त्या रविवारी क्लबात, त्या लोकांत बसल्यावर कळला.