हात बघून दिलेला विषय

बाई, तुमचा फोटो मी प्रयोगशाळेत भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. मैद्याच्या डब्यांच्या मागे. चांगला मोठा फोटो आहे, काच लावलेला, चंदनाच्या हाराचा. तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी हौसेनं करून आणलेला. झाडलोट करणाऱ्या मावशी अधूनमधून विचारतात, "मॅडम, ह्यो कुणाचा फोटू हाय? लावायचा न्हाय व्हय?" मी म्हणते, राहू दे तिथंच. मग त्या फडक्यानं फोटोची पाठ पुसतात आणि पुढच्या कामाला लागतात. तुमच्या वाट्याला आता एवढंच पुसणं आहे, आणि ते माझ्या सांगण्यावरून आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

हे कसं झालं ते सांगते. तुम्ही जन्मभर शिकवलंत त्या मुलींच्या कॉलेजातला गृहशास्त्र विभाग बंद झाला. मुलीच येईनात. तुमचे ओव्हन, ओट्यावरच्या शेगड्या, तराजू, नाव घातलेली पातेली, सगळं निकालात निघालं, तेव्हा राजारामपुरीतल्या तुमच्या लाडक्या विद्यार्थिनी आमच्या नव्या कॉलेजात आल्या. आता नातवंडांच्या आज्या आहेत त्या, पण तुमचं नाव घेताना अजून पदर सावरतात. सगळं सामान फुकट देतो म्हणाल्या, फक्त प्रयोगशाळेला बाईंचं नाव द्या आणि फोटो लावा. मी ओव्हन घेतले, शेगड्या घेतल्या, पातेली आणि फोटोही ठेवून घेतला आणि सांगितलं की खोल्यांना व्यक्तीचं नाव देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. अशी काही पद्धत नव्हती. त्या दुपारी त्या बैठकीत मी ती पाडली, आणि घरी येऊन पोटभर जेवले.

मी कोण ते तुम्हाला आठवायचं कारण नाही. तुम्ही किती मुलींना विषय वाटलेत. मी कळंब्याच्या दूधवाल्याची मुलगी. आमचे आप्पा संध्याकाळी म्हशी शहरातल्या दूध कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचे. सकाळची घरची धार माझ्याकडे. अंगठा मुडपून धार काढणाऱ्याच्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडतो, तसा माझ्याही पडला होता, आणि शेण-चाऱ्यानं बोटांच्या कडा चिरलेल्या असायच्या. अकरावीला आम्हाला तर्कशास्त्र होतं. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की 'सर्व' म्हणून कुणी काही बोललं, तर उलटं एक उदाहरण शोधायचं. ते सापडलं की बोलणाऱ्याचं सगळं बोलणं पडलं. त्यांनी वाक्य घेतलं होतं, सर्व म्हशी काळ्या असतात. आमच्या गोठ्यात भुरी होती, मातकट तांबूस, पांढऱ्या पापण्यांची. मी उठून म्हणाले, सर, आमची म्हैस काळी नाही. वर्ग हसला, पण सरांनी फळ्यावरचं वाक्य पुसलं. माझ्या बोलण्यानं फळ्यावरचं काही पुसलं जातं, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मला तोच विषय हवा होता.

बारावी झाल्यावर आप्पांच्या सायकलवर पुढे बसून मी तुमच्या कॉलेजात आले. लांब टेबल, वर करकरणारा पंखा, टेबलाशी तुम्ही आणि तुमच्या शेजारी कारकून. खळ घातलेली सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. आमच्या पुढे एका डॉक्टरांची मुलगी होती. तिला तुम्ही विचारलंत, "काय घेणार, बाळ?" ती म्हणाली, काहीही चालेल. तुम्ही तिला इंग्रजी आणि तर्कशास्त्र दिलंत. मग माझी पाळी आली. मी तर्कशास्त्र म्हणाले. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. "हात पुढे कर," म्हणालात. मला वाटलं काहीतरी देणार आहात. मी दोन्ही हात पुढे केले, आणि तुम्ही हातातल्या पेन्सिलीच्या मागच्या टोकानं माझा तळहात उलटा केलात. बोट लावलं नाहीत. भाजीवाल्याकडची किडकी वांगी आपण अशीच उलटून बघतो. "अगं, हे हात. ह्यांना तर्कशास्त्र कशाला हवंय? गृहशास्त्र घे, निदान सासरी बोलणी खाणार नाहीस." कारकून हसला. मी मागे वळून आप्पांकडे पाहिलं. कट्ट्यावर दुधातल्या पाण्यावरून कुणी वाकडं बोललं तर गळपट्टी धरणारा माझा बाप, तुमच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभा होता. "बाई म्हंत्यात ते बरोबर आसंल की गं," एवढंच बोलला. मी हात ओढणीखाली घेतले. पुढची तीन वर्षं तुमच्यासमोर ते शक्यतो तिथंच ठेवले.

तुम्ही वाईट शिकवत होतात असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर खोटं ठरेल आणि खोट्यावर सूड टिकत नाही. शिस्तीनं शिकवायचात. पण एक दिवस अजून तसाच्या तसा समोर येतो. व्हाइट सॉस करायचा आहे. मी उभी आहे, कोपऱ्यातली शेगडी, लोण्यावर मैदा भाजला आहे आणि दूध ओतते आहे. सॉस घट्ट होतो. मी विचारते, "बाई, मैद्यानंच का घट्ट होतं? आत नक्की काय होतं?" तुम्ही पलीकडच्या ओट्यावरून माझ्याकडे येता. सगळ्या मुली पळी थांबवून बघतात. तुम्ही अगदी शांत आवाजात सांगता, "प्रश्न विचारायचे विषय वेगळे असतात. ते तुला मिळालेले नाहीत. ढवळ, नाहीतर बुडाला लागेल." मी ढवळते. आज हे लिहितानाही माझा उजवा हात गोल फिरायला बघतो आणि मला त्याचा राग येतो.

तिसऱ्या वर्षी मी त्या विषयात पहिली आले. तुम्ही मला तुमच्या खोलीत बोलावलंत आणि कागदात गुंडाळलेली भेट दिलीत. पुस्तक असेल असं मला वाटलं, पण पुडकं गोल होतं. आत कोल्ड क्रीमची बाटली होती. "लग्न ठरायच्या आधी रोज लाव. हात बघण्यासारखे होतील," म्हणालात, आणि हसलात, खरंच मायेनं हसलात. तुमच्या मायेचीच मला जास्त चीड येते. दुष्टपणा असता तर आप्पांनाही दिसला असता. घरी आल्यावर ती बाटली मी गोठ्यात नेली. भुरीच्या सडांना थंडीनं चिरा पडल्या होत्या, धार काढताना ती लाथा झाडायची. तुमचं क्रीम संपेपर्यंत मी तिला लावलं. तिला चांगला गुण आला. आई म्हणाली, "बरं झालं बया, बाईंनी म्हशीचं पुण्य घेतलं." त्या घरात तुमच्यावर हसलेलं एवढंच.

मग मी राजारामपुरीत एका क्लासमध्ये मुलांना इंग्रजीचं व्याकरण शिकवू लागले आणि बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून पुन्हा पहिल्यापासून बी.ए.ला बसले. ह्या वेळी विषय मी स्वतः लिहिला. तत्त्वज्ञान, त्यात तर्कशास्त्र. घरचे म्हणत, एकदा शिकलेली पोरगी परत तेच वर्ग का शिकते. लग्नाला आलेली स्थळं ऐकूनच माघारी जायची. मी अभ्यास करताना तुम्हाला समोर बसवायचे, खोटं कशाला बोलू. प्रत्येक सिद्धता तुमच्या पेन्सिलीला उत्तर म्हणून सोडवली. एम.ए.ला विद्यापीठात वरच्या नंबरात आले, तेव्हा पेढे घेतले आणि रिक्षा करून तुमच्या घरी निघाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पेढा हातावर ठेवायचा, हात तुमच्या डोळ्यांपुढे धरायचा आणि म्हणायचं, ह्याच हातांनी लिहिलं. तुमच्या फाटकाशी मांडव होता. चपलांचा ढीग, आत पंगत बसलेली. तुमचं तेरावं होतं. मी फाटकाला हात लावला आणि मागे फिरले. रिक्षावाला अजून उभा होता. पेढे त्याला दिले. "कसलं वो पेढं?" "पास झाले." "मग रडताय कशाला, ताई?" तो म्हणाला. मी तुमच्यासाठी रडत नव्हते. ऐन वेळी तुम्ही माझ्या तावडीतून सुटलात, म्हणून रडत होते.

म्हणून हिशेब इथे चालू ठेवला आहे. शिरोलीत फाउंड्री असलेल्या एका गृहस्थांनी मुलीला लिबरल आर्ट्स शिकायला पुण्याला धाडलं आणि ती परत येईना, तेव्हा त्यांनी इथंच तसं कॉलेज काढलं. अभ्यासक्रम ठरवायला मला बोलावलं. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, सगळं करा, पर एक सांगा, ही पोरं शेवटी हुणार काय?" मी म्हटलं, प्रश्न विचारणारी होतील. ते म्हणाले, "तसली आमच्या घरात आत्ताच लई हाईत." पण त्यांनी मला अडवलं नाही. बाई, तुम्ही बघायला हवं होतं. आमच्याकडे इतिहासाबरोबर संख्याशास्त्र घेता येतं आणि अर्थशास्त्राबरोबर गाणं. कन्नड आहे, मोडी आहे, तालमींचा समाजशास्त्रातून अभ्यास आहे, चामड्याच्या कामाची रचना आहे, आणि मालकांच्या हट्टापायी ओतकामाचा इतिहाससुद्धा. कुठल्याही विषयाच्या दाराशी कुणी पेन्सिल घेऊन बसलेलं नाही. तर्कशास्त्र सगळ्यांना आहे. आणि तुमचं गृहशास्त्र मी पहिल्या वर्षाच्या मुलग्यांना सक्तीचं केलं आहे. मुलींनी हवं तर घ्यावं, मुलग्यांना सुटका नाही.

ह्यावरून पालकसभेत दंगा झाला. एक पावणे उभे राहिले, "मॅडम, पोरगं भाकरी थापायला धाडलंय व्हय आमी कॉलेजात?" मी विचारलं, तो भाकरी खातो का? "खातोय की. चार-चार खातोय." मग बसा, म्हटलं. ते बसले. मालकांचा पुतण्या तुमच्या जुन्या पातेल्यातलं करपलेलं दूध काथ्यानं खरवडत होता, तेव्हा मी दारात उभी राहून पुष्कळ वेळ बघत होते. तळाशी तुमच्या कॉलेजचं नाव कोरलेलं आहे ना, तिथं जास्त घास, असंही सांगितलं. मला फार बरं वाटलं. सूड शिळा झाला की चव जाते म्हणणाऱ्यांनी तो माझ्यासारखा राखलेला नसावा.

इथवर लिहून थांबले असते तर पत्र छान झालं असतं. पण ह्या जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलाशी एक मुलगी आली. सोबत कुणी नव्हतं. बेकरीवाल्याची मुलगी. तिनं कागद पुढे केला आणि माझी नजर तिच्या मनगटांवर गेली. भट्टीतल्या तापल्या पत्र्यांचे चटके, काही जुने काळे पडलेले, एक ताजा, अजून ओला. मी म्हटलं, "बस. तू तत्त्वज्ञान घे. तर्कशास्त्राचा आमचा विभाग फार चांगला आहे." ती म्हणाली, "न्हाय मॅडम, मला होमसायन्स पायजे." मी म्हटलं, ते तू घरी करतेसच की. इथं काहीतरी वेगळं शीक. तुझ्यासारख्या मुलींसाठीच हे विषय आम्ही आणलेत. ती म्हणाली, "अब्बांना इचारलं पाव का फुगतो, तर म्हणत्यात फुगतो म्हणून फुगतो. मला ते शिकायचंय. खमीर, मैदा, आत काय हुतंय ते." तरी मी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, "नीट विचार कर. तुला काय योग्य आहे ते मला कळतं." हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिनं खाली बघून दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

मी गृहशास्त्र लिहिलं, सही केली, कागद तिच्याकडे सरकवला. तो उचलायला तिला एक हात बाहेर काढावा लागला, आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. ती गेल्यावर प्रयोगशाळेत गेले, मैद्याचे डबे सरकवले. फोटो सरळ करावा असं क्षणभर वाटलं. केला नाही. तुम्हाला माफ करायला गेले नव्हते, बाई. तुम्ही माझ्यात किती उरला आहात ते बघायला गेले होते. पेन्सिल गेली, खळ घातलेली साडी गेली, विभाग बंद पडला, आणि तुमची नजर मात्र माझ्याकडे आली. मी तुमच्याकडून मागितला तो विषय तुम्ही दिला नाहीत आणि न मागितलेला असा शिकवलात. ह्याचीही माफी नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि फोटोच्या मागे ठेवायचीही इच्छा नाही. माझ्या टेबलाच्या खणात राहील. वर्ग सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. ती मुलगी रोज समोरून जात असेल, मला नमस्कारही करत असेल. मला ती ओळखता येत नाही. त्या दिवशी मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता.