आई निळी कशी झाली

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, छातीतली धडधड अजून थांबलेली नसताना केलेला नमस्कार. तू बरी असशील, भाऊजींची कंबर निदान चपला घालण्याइतकी तरी वाकत असेल, आणि भाचीची परीक्षा तिच्यापेक्षा तुलाच जड गेली नसेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण हात वळेना. मी मजेत नाही. कालपासून मला अन्न गोड लागत नाही. (तुझी भावजय म्हणते, ताट तर चाटूनपुसून रिकामं झालं. पण धक्का बसलेला माणूस काय आणि किती खातो, यावर त्याचा ताबा नसतो.)

सगळ्याची सुरुवात तुझ्यापासून झाली, हे आधीच सांगून मोकळा होतो. दुकानाचा बोर्ड बदलायचं ठरलं, तेव्हा "नुसतं 'रफू करून मिळेल' काय लिहिता, वर आईचा मोठा फोटो टाका, काम करतानाचा" ही टूम फोनवर कुणी काढली? तू. टूम काढून तू मोकळी झालीस आणि मी माझा कॅमेरा घेऊन (ज्याला तू भाऊजींसमोर खेळणं म्हणाली होतीस, मी विसरलेलो नाही) दुकानात गेलो. तर आत अंधार. आई हल्ली वरची ट्यूब लावतच नाही. म्हणते, उजेड डोळ्यांत टोचतो. टेबलावरचा तो पिवळा छोटा दिवा कापडाला चिकटवायचा आणि त्यात नाक खुपसून बसायचं. मी म्हटलं, पाच मिनिटं लाव ट्यूब, फोटोपुरती. तर म्हणाली, एवढं जमत नसेल तर शटरचा काढ फोटो, ते हलतही नाही. मग काय, काढला तसाच. एका बाजूने तो पिवळा दिवा, दुसऱ्या बाजूने समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानातली हिरवट ट्यूब. एक गाल हळदीचा आणि दुसरा शेवाळाचा. पण बसलीय मात्र अशी झकास, की काय सांगू. मान खाली, सुई चिमटीत, ओठ घट्ट मिटलेले. आपला गृहपाठ तपासताना असायचे तसे.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि पहिला धक्का बसला. उजेड कमी असला की कॅमेरा ओढूनताणून बघतो, आणि जे दिसत नाही तिथे आपल्या पदरचे दाणे भरतो. फोनवर ते कळत नाहीत. बोर्डाएवढा मोठा करून बघितला, तर आईच्या कपाळावर गोवर. काळे दाणे, तांबडे दाणे, हिरवे दाणे, भिंतीवर तर नुसती मिरपूड. आता त्या प्रोग्रॅममध्ये दाणे घालवायची एक पट्टी असते, ती सरकवायची. मी सरकवली. पूर्ण सरकवली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. दाणे गेले. त्यांच्याबरोबर आईच्या सुरकुत्या गेल्या, भुवया गेल्या, कापडाची वीण गेली आणि चिमटीतली सुईसुद्धा गेली. कुणी तरी पंचविशीतली गुळगुळीत बाई दोन बोटांत काहीच न धरता अत्यंत काळजीपूर्वक त्याकडे बघतेय. तुझी भावजय चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि ही कोण, असं ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

मग मी नीट शिकलो. (शिकलो म्हणजे तीन माणसांनी तीन तऱ्हेने सांगितलेलं ऐकलं आणि चौथंच केलं.) दाण्यांमध्ये दोन जाती. रंगीत दाणे असतात, ते खुशाल पुसावेत, चेहऱ्याचं काही बिघडत नाही. बिनरंगी दाण्यांवरून मात्र हलका हात फिरवायचा, नाही तर माणूसच पुसला जातो. शिवाय भिंतीला वेगळा न्याय आणि चेहऱ्याला वेगळा. भिंत मी चकचकीत केली, चेहऱ्यावर थोडी खरखर राहू दिली, हातांना तर बोटही लावलं नाही. सुई परत आली. सुरकुत्या परत आल्या. सुरकुत्या बघून एवढा आनंद झालेला मी पहिलाच मुलगा असेन.

राहिला रंग, आणि इथून पुढे माझी वाट लागली. त्या प्रोग्रॅममध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतली खरोखरच पांढरी असलेली एक वस्तू त्याला दाखवायची. तो तिला पांढरी करतो आणि बाकीचे सगळे रंग त्या हिशोबाने हलवतो. सोपं आहे. पण पांढरं काय दाखवायचं? टेबलावर दोऱ्याची रिळं होती ढीगभर, पण दिव्याच्या उजेडात सगळीच पिवळी. आता रंगाच्या बाबतीत आपल्या घरात कुणाला विचारतात, हे तुला सांगायला नको. तू लहानपणी निबंधात आकाश निळं लिहिलं होतंस, तर कुठलं निळं, ते बघून ये म्हणून आईने तुला गच्चीवर पिटाळलं होतं. घर रंगवायला आलेला तो रंगारी, शेवटी कबूल झाला की मधली भिंत दुसऱ्या डब्यातली आहे. बाबा हयात होते तोवर मोजेसुद्धा तिला दाखवून पायात घालायचे. तर मी आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि विचारलं, यातलं पांढरं रीळ कुठलं? ती म्हणाली, हे काय दिव्याजवळचं, रोजच्या वापरातलं. मी त्यावर ड्रॉपर टेकवला.

ताई, आई निळी झाली.

थोडीथोडकी नाही. चेहरा निळा, हात निळे, मागची भिंत निळी. थंड पाण्यातून नुकतीच बाहेर ओढल्यासारखी. मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. चुकलं, परत करतो, असं म्हणायला वळलो, तर आई मान तिरकी करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, हां, आता बरोबर. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, बरोबर आहे रे, किती वेळा विचारशील.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? माझे डोळे म्हणतात निळी, आई म्हणते बरोबर. आपल्या घरात अशा वेळी आरोपी कोण, हे ठरलेलंच आहे. तुझ्या भावजयीला बोलावलं. तिने पडद्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आई म्हणतात तसंच असेल म्हणाली आणि आधीच घड्या घातलेल्या कपड्यांच्या परत घड्या घालायला निघून गेली. फोटो बोर्डवाल्याकडे पाठवला. त्याचा घाबरत घाबरत फोन आला, की साहेब, हे असंच छापायचं का? मी म्हटलं, आईने पास केलंय. त्याच्या दोन पँटींना आईच्या हातचं रफू आहे. त्याने लगेच छापायला घेतला.

आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. स्वतःचे डोळे दाखवायला. हसू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याठिपक्यांची पानं दाखवली, ज्यांत आकडे लपवलेले असतात. मी सगळे आकडे धडाधड वाचले. त्या म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. मी इतका नाराज झालो, की त्यांनी कारण विचारलं. मी फोनमधला फोटो दाखवला. त्या हसत म्हणाल्या, तुम्ही कशाला आलात, या बाईंना आणायचं होतं, आणि माझ्याकडे नाही, मोठ्या दवाखान्यात. मग मी सांगितलं, की या बाईंना स्वतःला हा रंग बरोबर वाटतो, आणि रंगातलं त्यांना जितकं कळतं तितकं या शहरात कुणाला कळत नाही. तेव्हा त्यांचं हसू थांबलं. वय किती, विचारलं. दिवे मालवून बसतात का? मी म्हटलं, हो, ट्यूब तर लावूच देत नाही. कापड डोळ्यांजवळ धरतात? मी म्हटलं, अगदी नाकाला. गडद निळा आणि काळा यांत गल्लत होते? मी म्हटलं, परवाच माझ्या निळ्या कोटाला काळं बटण काळ्याच दोऱ्याने लावलं, मला वाटलं फॅशन असेल. ताई, मी आईचं कौतुक सांगावं तशी उत्तरं देत होतो. निम्म्यावर आल्यावर मी काय सांगतोय ते माझं मलाच कळलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगत नाही, पण लक्षणं मोतीबिंदूची आहेत. डोळ्याच्या आतलं भिंग हळूहळू पिवळं पडत जातं, इतकं हळू, की ज्याचं त्याला पत्ताही लागत नाही. ऑपरेशन लहान असतं, नजर परत येते, फक्त आता दिवस ढकलू नका.

तसाच उठून दुकानात गेलो. आणि बोर्डवाला, जो आजवर कुणालाही वेळेवर पावला नाही, त्याने नेमका तोच मुहूर्त साधलेला. शटरच्या वर शटरएवढी आई. निळी. रस्त्यात माणसं थबकलेली. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावलेलं तसंच घेऊन बाहेर आलेला. एक बाई माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, कधी झालं हो? आणि तेवढ्यात तिला खाली खुर्चीवर बसलेली आई दिसली, तशी ती जागच्या जागी गारठली. आईने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि मला म्हणाली, बघ, रंग किती छान उतरलाय. मी घड्याळवाल्याकडे बघितलं. घड्याळवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, झकास आलाय, मावशी. मागच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आत जाऊन ते रीळ उचललं आणि दाराशी उजेडात धरलं. पिवळं. फिकं असेल, पण लोण्यासारखं सरळ सरळ पिवळं. शेजारी एक पांढराशुभ्र शर्ट तयार होऊन पडला होता. कॉलरवर रफू असं, की बोट फिरवून जागा सापडू नये. आणि रंग असा, की रस्त्यापलीकडून जागा दिसावी. शर्टाचा मालक आला, त्याने घडी न उलगडता शर्ट पिशवीत टाकला, म्हणाला, मावशी, तुमच्या हाताला तोड नाही. बाहेर मी त्याला गाठलं. तो म्हणाला, तिसरा शर्ट आहे, पण त्यांना सांगायचं कुणी?

म्हणजे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं, आणि तिच्या ताटाला ताट लावून जेवणारा मी दाणे पुसत बसलो होतो. ताई, मला रडू आलं. दुकान गेलं तर ही बाई काय करेल, मला विचारही करवत नाही.

असो. तुला काळजी लावायची नव्हती, केवळ कळवायचं म्हणून कळवलं. बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. तू तिला सांग. मी प्रयत्न केला. रात्री जेवताना म्हटलं, आई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तिने हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, का रे, काय झालं तुझ्या डोळ्यांना? तिचा चेहरा बघून माझी बोबडी वळली आणि मी म्हटलं, चष्मा लागेल बहुतेक. आता ती माझ्यासाठी दिवे लावत फिरतेय. घरभर. तिला ते टोचत असताना. तिला तुझंच पटतं, तेव्हा फोन कर.

आणखी ता. क. बोर्ड उतरवला तर का उतरवला ते विचारेल. तेही तूच काय ते सांग.

*

ताई, मी तुमची भावजय. पाकीट चिकटवायला माझ्या हातात आलं. मी चिकटवलं नाही, आईंना वाचून दाखवलं. पुढचं त्या सांगताहेत, मी नुसतं लिहितेय.

बाळ, आशीर्वाद. याचं अक्षर मला दिसेना म्हणून सूनबाईकडून वाचून घेतलं. दिसत नाही हे मला कळत होतं, गेल्या थंडीपासून सुई मी चाचपून ओवते. बोलले नाही, कारण बोललं की तुम्ही दुकानाला कुलूप लावाल. रीळ पिवळं होतं हे मात्र मला आज कळलं. तीन शर्ट, आणि एकाने तोंड उघडू नये. सगळे परत मागवले आहेत, उसवून नव्याने करून देणार. दोरा तू निवडायचास, हात माझा, तेव्हा मिळेल त्या गाडीने ये.

त्या फोटोचं म्हणशील, तर मला त्यात रंग कसला, माझं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं. पण पोरगा दोन रविवार त्यात डोकं घालून बसला होता, दमलेला दिसला, म्हणून म्हटलं, बरोबर आहे.

ऑपरेशनला मी तयार आहे. पण त्या दिवशी आत माझ्याजवळ तू थांब. हा थांबला तर टेबलावर पडल्या पडल्या मलाच याला धीर द्यावा लागेल, आणि या वेळी, बाई, धीर मला हवाय.