सहा इंचाला सहा फूट

प्रिय निकेश,

फोन सोडून कागद घेतला म्हणून घाबरू नको. फोनवर तू "हो आई, हो आई" करतो आणि मागून कुणी हाक मारली की ठेवून देतो. आज मला मधेच तोडलेलं चालणार नाही. पूजा आटोपली, बाबांना चहा आणि गोळी दिली, आणि तुझ्या डिप्लोमाच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून बसली आहे. रुखमाबाईचा चंदन आज दुपारच्या गाडीनं राजुऱ्याला जातो, त्याच्या हाती हे पत्र आणि कुरोड्या पाठवते. कुरोड्या खोलीवरच्या पोरांनाही दे. ऊन फार आहे, साइटवर जाताना डोक्याला दुपट्टा बांध आणि खिशात कांदा ठेव. हसू नको, ठेव.

"बाबा बरे आहेत" असं मी तुला फोनवर सांगते, ते अर्धंच खरं आहे. जेवतात, झोपतात, औषध घेतात. पण आज चौदा दिवस झाले, ते फाटकाबाहेर गेले नाहीत. चंद्रपूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते तूच ऐकलं होतं. चालणं सुटलं तर डावा पाय पुन्हा धरून बसेल, आणि या वेळी वॉकरही कामाचा राहणार नाही. लकवा झाल्यापासून पाच महिन्यांत त्यांनी एकेक पाऊल करून मारुतीच्या देवळापर्यंतचं अंतर मिळवलं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. देवळाच्या ओट्यावर बसून धान आणि राजकारण सगळं बोलून यायचे. आता पडवीतच या खांबापासून त्या खांबापर्यंत चालतात आणि "झालं वं माझं" म्हणून खाटेवर बसतात. पाय कडक होऊन राहिला आहे. मी तेल लावते तेव्हा मला हाताला कळते.

तुला तो माघातला दिवस आठवतो? पहिल्या कामाचा नकाशा घेऊन तू घरी आला होता. अंगणात पसरवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या, त्यात माझं लाटणंही होतं. बाबांना खुर्चीवर बसवून तू पेन्सिलनं दाखवत होता. बसस्टँडपासून देवळापर्यंत फुटपाथ. रस्त्याच्या कडेचा सिमेंटचा काठ, म्हणजे तुमचा कर्ब, सहा इंच, त्याहून उंच नाही. आणि जिथं जिथं घराचं फाटक आहे तिथं उतार. एक इंच उंचीला एक फूट लांबी, म्हणजे सहा इंचाला सहा फूट. तू फाटकापासून टेपानं जागा मोजली, सात फूट भरली. म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच बनून राहिला समजा. ट्रकच्या बाजूनं चालाचं काम नाई आता." बाबा त्या दिवशी दोनदा जेवले. आणि मी दहावीपर्यंतच शिकली तरी तो नकाशा मला समजला, कारण तू चांगला समजावतो. एक प्रत तू घरीच विसरला. मी कोणता कागद फेकते का? गादीखाली ठेवला होता.

काम सुरू झालं तेव्हा मी रोज पाहत होती. पोरगा डोक्यावर पिवळी टोपी घालून उभा आहे, रस्त्यानं जाणारे विचारतात, "हा श्रावणभाऊचा का?" खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरापुढचं सिमेंट टाकलं. भर दुपारी टाकलं. साचा लावला तो नालीच्या कामावरचा होता, नऊ इंची. मी विचारलं तर तू म्हणाला की ठेकेदार नवीन साचा देत नाही, मुरूम भरून बरोबर करून घेऊ. मुरूम भरला नाही. काठ नऊ इंचच राहिला, आणि उतार मात्र घाईनं जेवढा बसला तेवढा.

मग ते तणसाचं. सिमेंट ओलं राहायला वरून ओले बारदाने झाकायचे असतात हे तूच परीक्षेच्या वेळी पाठ करत होता, मी तांदूळ निवडता निवडता ऐकलं आहे. पण बारदाना मागितला तर ठेकेदारानं गाडीभर धानाचं तणस पाठवलं. म्हणाला, आपल्याकडे फुकटात मिळते ते टाका. तुम्ही फुटपाथभर अंथरलं, पाणी मारलं, आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुराखी गावच्या गाई घेऊन निघाला. चैत्रात गाईंना काडी दिसत नाही, आणि इथं तर ओलं, गार तणस सरळ रांगेत मांडलेलं. बसस्टँडपासून देवळापर्यंत एकही काडी उरली नाही. रुखमाबाई फाटकात येऊन म्हणाली, "मंजुषाबाई, तुमच्या इंजिनेरानं तं साऱ्या गावच्या गाईंले पंगत देल्ली वं! दक्षिणा केव्हा वाटते म्हणा?" सगळी गल्ली हसली. मीही हसली. आता हसू येत नाही. त्या उन्हात सिमेंट उघडं पडलं होतं आणि आपण गाईंवर विनोद करत होतो.

फुटपाथ झाल्यावर पहिल्या दिवशी बाबा निघाले. उतार चढताना वॉकर मागं सरकत होता. मी मागून धरला. म्हणाले, "सवय होईन." रोज मी धरायची, मग जायचे. एक दिवस मी भांडी घासत होती आणि ते एकटेच निघाले. येताना पडले. गुडघा फुटला, कोपर सोललं. चंदननं आणि दोघा-तिघांनी उचलून आणलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की डोळ्यांपुढं गरगरलं. तुलाही फोनवर तेच सांगितलं. तू काळजीनं म्हणाला की साखर तपासा. तपासली. साखर चांगली आहे.

संध्याकाळी मी जागा पाहायला गेली. उताराची कड ढासळली होती, बोटानं खरवडली तर रवा निघावा तसं सिमेंट निघत होतं. वॉकरच्या पुढच्या पायाला तोच रवा चिकटला होता. घरातून शिलाईचा टेप आणला. काठ नऊ इंच. उतार दोन फूट दोन इंच. तुटलेल्या जागी जाडी पाहिली, चार इंच पाहिजे तिथं तीनही नाही. मग हात लागलाच आहे तर पुढची बाराही फाटकं मोजली. साडेतीन फुटापेक्षा जास्त उतार एकाही फाटकाला नाही. लोक पाहत होते. कुणी म्हणे, "ब्लाउज शिवता का फुटपाथाले?" बोलू दिलं मी.

घरी येऊन बाबांना विचारलं, खोटं काऊन बोलले? म्हणाले, "पयलं काम हाये त्याचं. लोकं नाव ठेवतीन. मी नाई जात आता बाहेर, झालं." निकेश, तुझं नाव राहावं म्हणून तो माणूस पाय सोडायला बसला आहे. मला हे चालत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना दोनदा थांबली. तू राजुऱ्याला गेला त्याच्या आदल्या दुपारी खाटेवर बसून एक रजिस्टर भरत होता. सिमेंटला रोज पाणी मारल्याचं रजिस्टर. चौदा दिवसांच्या चौदा सह्या एका बैठकीत. निळ्या पेननं काही केल्या, मग म्हणाला, "आई, दुसरा पेन दे, सारखं दिसते." आणि मी देव्हाऱ्यातला माझा पेन दिला, ज्यानं मी रामनाम लिहिते. विचारलं होतं मी, हे काय म्हणून. तू म्हणाला, "असंच असते, आई." मी वरण गरम करायला उठली. तेव्हा मी तो पेन परत घ्यायला पाहिजे होता. तेव्हापासून त्या पेननं रामनाम लिहिलं नाही.

आणि माझंही एक आहे. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो, म्हणून मी पाण्याची वही ठेवते हे तुला माहीत आहे. कोणत्या तारखेला पाण्याचे किती हंडे, किती गुंड भरले, सगळं लिहिते. त्यात फुटपाथाच्या टँकरच्या तारखाही आहेत. चौदा दिवसांत टँकर चारदा आला. त्यातही दोनदा सगळ्या बायांनी ड्रायव्हरला विनवलं आणि आपापली भांडी भरली, तो बिचारा नाही म्हणू शकला नाही. मी दोन गुंड घेतले. सोमवार होता, त्याच पाण्यानं महादेवाला अभिषेक केला. काय देवाला घातलं मी! ज्या सिमेंटवर माझा नवरा पडला त्याचंच पाणी. वहीत ते दोन गुंडही लिहिले आहेत, खोडले नाहीत.

परवा गुरुवारी मी नगर पंचायतीत अर्ज दिला. आयुष्यातला पहिला अर्ज, तीनदा कच्चा लिहून मग पक्का केला. त्यात फक्त मापं लिहिली आणि नकाशाची प्रत जोडली. काठ किती पाहिजे, किती आहे, उतार किती पाहिजे, किती आहे, तेराही फाटकं. खाली सही, मंजुषा श्रावण बोरकुटे. रुखमाबाईनं आणि आणखी सात बायांनी खाली अंगठे-सह्या दिल्या. तिथल्या साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे काम तं तुमच्याच पोरानं पाह्यलं ना?" मी म्हटलं, हो. "मंग काऊन?" मी म्हटलं, साहेब, नवराही माझाच आहे. त्यांनी पाणी दिलं मला. मग सांगितलं की सोमवारी दहा वाजता स्वतः टेप घेऊन येतात, आणि माप चुकलं असेल तर बिल थांबवून ठेकेदाराकडून तोडून पुन्हा करून घेतात.

बाबांना हे सांगितलं नाही. सोमवारी साहेब माप घ्यायला येतील तेव्हा त्यांना दिसेलच. मिलवाल्याकडून जुने बारदाने मागून आणले आहेत, बेचाळीस भरले, धुऊन वाळत घातले आहेत. या वेळी तणस टाकू देणार नाही. आणि पाणी मारायला आम्ही नऊ जणींनी वार वाटून घेतले आहेत, नळाच्या दिवशी पहिले फुटपाथ, मग घर.

हे पत्र कशाला लिहिलं ते आता सांगते. सोमवारी साहेब मापं घेतील आणि मग विचारतील, सिमेंट असं रव्यासारखं का झालं. ठेकेदार ते रजिस्टर पुढं करेल, त्याच्याजवळ तेच आहे, आणि सही तुझी आहे. मला विचारलं तर मी वही दाखवणार, टँकर चारदा आला आणि मी दोन गुंड घेतले हे सगळ्यांसमोर सांगणार. माझ्या तोंडून तुझ्या सह्या खोट्या निघण्याआधी तू स्वतः येऊन सांग, एवढंच मागायचं आहे. नोकरी जाईल म्हणशील. जाऊ दे. दिवाळीपर्यंतचा तांदूळ घरात आहे, आणि तुला नकाशा वाचता येतो, समजावता येतो, उपाशी राहणारा नाही तू. चंदन उद्या रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत येतो, त्याच्यासोबत ये. ताट वाढून ठेवते, ओरडणार नाही, काही विचारणार नाही. सोमवारी दहा वाजता फाटकाजवळ पहिले तू बोल, मग मी बोलेन. तू आला नाही तर पहिली मीच बोलेन.

तुझ्याआधी बोलायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून देवापुढं बसलेली,
तुझीच
आई